वाकड्या टाक्यांची पिशवी

नोकरी संपल्यावर माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या जुईनगरच्या सोसायटीत दोन गट आहेत. एक गट सकाळी बागेत गोल उभा राहून मोठमोठ्याने हसतो, दुसरा समाजसेवा करतो. मला कारणाशिवाय हसायला जमत नाही, म्हणून मी समाजसेवेत पडले.

पावणे गावात एका घराच्या मागच्या खोलीत दहा-बारा बायका हाताने पिशव्या शिवतात असं मला कुणीतरी सांगितलं. जुन्या सुती साड्यांचे थर, त्यावर गोधडीला घालतात तसा धावदोरा, आतून अस्तर आणि वर दोन बंद. मध्ये दलाल नाही. जिने पिशवी शिवली तिच्याच हातात रास्त मोबदला. हे ऐकून मी इतकी भारावले, की दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली, जादा चष्मा आणि एक वही घेऊन तिथे हजर झाले. वही कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं सरकारी कचेरीत काढल्यावर हातात वही असली की आपण कामात आहोत असं वाटतं, एवढंच.

गिऱ्हाइकं शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे ते मीच माझ्याकडे घेतलं. पण बायकांत मिसळायचं तर त्यांच्यातलीच एक झालं पाहिजे, असा विचार करून मी सुईही हातात घेतली. शाळेत शिवणाच्या तासाचे माझे सगळे नमुने आईने पूर्ण केले होते, हे मी तिथे बोलले नाही. पहिल्या पिशवीला मला तीन आठवडे लागले. एक टाका तांदळाएवढा, तर पुढचा शेंगदाण्याएवढा. ओळ वाशीला जायला निघायची आणि बेलापूरला पोचायची. एक बंद दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं लांब. बायका म्हणाल्या, छान झाली मॅडम, आणि मी विश्वास ठेवला. घरी नवऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि ही कुठे पडली होती का, असं विचारलं. त्याला हस्तकलेतलं काही कळत नाही, असं सांगून मी ती खांद्याला अडकवून मिरवू लागले.

त्या खोलीचा खरा कणा होती चेकरताई. गावातलीच, आगरी. एमआयडीसीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात ती बरीच वर्षं चेकर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण बघायची, खोट दिसली की परत पाठवायचा. कारखाना बंद पडला. घरी भाड्याच्या खोल्या होत्या, पोटाची अडचण नव्हती, पण एवढ्या तयार झालेल्या नजरेचं घरात कुणाला काहीच काम नव्हतं. पिशव्यांची खोली सुरू झाली त्या दिवशी ती म्हणे सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. प्रत्येक पिशवी ती उलटी करी, टाक्यांवरून बोट फिरवी, पास असली तर अस्तरावर खडूची बारीक रेघ ओढी. टाका चुकला असला तर सख्ख्या जावेची पिशवीसुद्धा परत जाई. माझी पिशवी मात्र तिने हसून लगेच बाजूला ठेवली होती. माझ्या कामावरच्या विश्वासामुळे, असं मी समजून चालले.

दिवाळीनंतर काम जवळजवळ थांबलं. दोघीजणी धुण्याभांड्याची कामं शोधायला लागल्या. तेवढ्यात माझ्या एका जुन्या ओळखीतून महापेच्या एका कंपनीत जायचा योग आला. त्यांच्याकडे परदेशातून पाहुणे येणार होते आणि त्यांना भेट म्हणून हाताने शिवलेल्या पिशव्या हव्या होत्या. चेकरताईने स्वतः शिवलेली पिशवी मला नमुना म्हणून दिली. दोरीने आखल्यासारखे टाके होते तिचे.

कंपनीतली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिने नमुना हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. हे मशीनचं वाटतं, म्हणाली; पाहुण्यांना हाताचं काम आहे हे कळायला हवं. मग तिची नजर माझ्या खांद्याकडे गेली आणि ती खुर्चीतून उठलीच. असं पाहिजे, एकदम ऑथेंटिक, असं म्हणत तिने माझ्या शेंगदाण्यांवरून बोटं फिरवली.

कुठल्या कारागीर बाईने केली, असं तिने विचारलं. इथे मी खरं बोलायला हवं होतं. आमच्यातलीच एक आहे, असं मी म्हटलं. प्रत्येक पिशवीसोबत कारागिराच्या कहाणीचं एक कार्ड द्यायचं होतं, म्हणून ती लिहून घेऊ लागली. मी सांगत गेले: उतारवयात शिकायला लागली, घरात कुणाचं प्रोत्साहन नाही, नवरा कामाची टिंगल करतो, डोळे अधू झालेत तरी शिवते. यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या मुलीचे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर माझेही आले. पिशवी नमुना म्हणून पास झाली, फोटो काढले गेले, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खोलीवर येऊन मी जाहीर केलं की मोठी ऑर्डर मिळतेय, फक्त टाके असे वाकडे घालायचे. बायका आधी हसल्या, मग लिंबू सरबत झालं, मग त्या बसल्या. पण ज्यांचा हात सरळ जातो त्यांना वाकडं काही जमेना. त्यांची वाकडी ओळसुद्धा सारख्या लाटांची यायची. शेवटी चेकरताईने खडू माझ्या वहीवर ठेवला. वाकड्या मालावर ती रेघ ओढणार नाही आणि आम्ही असंच करणार असू तर उद्यापासून येणारही नाही, एवढं सांगून ती निघून गेली.

दोन दिवस ती आली नाही. तपासायला कुणी नाही म्हटल्यावर आठ पिशव्या झाल्या आणि त्यातल्या तीन पिशव्यांचे बंद ओढून बघताच हातात आले. ऑर्डर गेली तर बायकांचं काम गेलं, ऑर्डर टिकली तर चेकरताई गेली, आणि हे सगळं माझ्या तीन आठवड्यांच्या कर्तबगारीमुळे. मला मनापासून लाज वाटली. मी तिच्या घरी गेले.

तिने चहा केला. मग माझी पिशवी मागून घेतली, पहिल्यांदाच उलटी केली आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहत राहिली.

"तुमी हे मुद्दाम वाकडं नाय केलं," ती म्हणाली. "तुमाला सरळच घालायचं होतं, जमलं नाय. ते चालतं. पन आमाला जमतंय आनि आमी वाकडं घालायचं, म्हंजे आमी आमच्या हाताला खोटं बोलायला शिकवायचं."

मग तुम्ही मला कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून बघता, माझीच का नाही.

"तुमी कामाला थोड्याच आलेल्या," ती सहज म्हणाली. "तुमी मदतीला आलेल्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी चहा संपवला. मग कंपनीतल्या मुलीला मी काय काय सांगून आले होते ते सगळं तिला सांगितलं, नवऱ्याच्या टिंगलीसकट. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "ती पोरगी कुठं बसते? मना न्या तिच्याकडं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी महापेला गेलो. ती कारागीर बाई मीच, हे मी एका दमात सांगून टाकलं. मुलीने आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं आणि डोळे भरून आल्याचं बहुधा तिला आता वाईट वाटलं. पण तिचा प्रश्न तसाच होता: सरळ टाके हाताचे आहेत हे पाहुण्यांना कसं कळणार?

चेकरताईने आपली पिशवी टेबलावर उलटी केली. मग मुलीच्या जॅकेटची शिवण बोटाने दाखवली. मशीनला दोन दोरे लागतात, तिने समजावलं, एक वरून आणि एक खालून. हाताच्या टाक्याला एकच दोरा, तोच आत जातो आणि तोच बाहेर येतो. मुलीने टेबलावर वाकून तो एकच दोरा पार टोकापर्यंत पाहिला. चेकरताईने सुई काढली, कुठलीही रेघ न आखता वीतभर शिवून दाखवलं आणि दोरा दाताने तोडला. ऑर्डर सरळ टाक्यांच्या पिशव्यांची झाली. माझ्या कहाणीचं कार्ड रद्द झालं.

चेकरताई खोलीवर परत आली. पुढचा महिनाभर सगळ्या मान खाली घालून शिवत होत्या. मीही एक नवी पिशवी केली, पट्टी लावून, श्वास रोखून, आणि बाकीच्यांच्या ढिगात ठेवून दिली. ढीग तपासता तपासता चेकरताई माझ्या पिशवीपाशी आली. तिने ती उलटी केली, बोट फिरवलं, तिसऱ्या ओळीवर थांबली आणि पिशवी माझ्यासमोर टाकली.

"परत. हितून उसवा."

मी संध्याकाळपर्यंत उसवत बसले. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं की माझी पिशवी नापास झाली. मग एवढी खूश का, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तिने बघितली."