तीनतीनदा धुतलेल्या बाटल्या

वाळत घातलेल्या शेवाळाचा मासळीसारखा वास आला की मला तेल्हाऱ्याकडचं ते अंगण आठवतं. कमी खर्चात सूक्ष्म शेवाळ कसं वाढवावं, यावर अमरावतीला माझं संशोधन चाललं होतं. त्याला खारं पाणी मानवतं, म्हणून मी खारपाणपट्ट्यातल्या विहिरी धुंडाळत होते. ज्या पाण्यानं लोकांची कपाशी जळत होती, त्यातच माझं शेवाळ फोफावणार होतं. त्या दुपारी एका घरामागच्या विहिरीचं पाणी तपासलं आणि मी आनंदानं ओरडलेच, "काकू, काय सुंदर पाणी आहे हो तुमचं!" काकू नुसत्या हसल्या. मग मी बाटल्या धुवायला गोडं पाणी मागितलं. त्या जरा थांबल्या, घरात गेल्या आणि झाकलेली कळशी घेऊन आल्या. मी एकेक बाटली तीनतीनदा खळखळून पाणी अंगणात फेकलं. कळशी रिकामी झाली, तेवढ्यात आतून काकांचा थकलेला आवाज आला, "पाणी दे वं, गोळी घेतो." काकूंनी विहिरीचंच पाणी गडव्यात भरलं. दारातून मला बाजेवरचे सुजलेले पाय दिसले. "डाक्टरनं यायले खारं पाणी बंद सांगतलं," त्या म्हणाल्या, "पन टँकर आता परवा येईन." "मग तुम्ही मला का दिलंत?" असं विचारायची माझी हिंमत झाली नाही; त्याच म्हणाल्या, "पावन्याले नाई कसं म्हनू, बाई?" त्या पाण्यात माझं शेवाळ सगळ्यात दाट आलं, आणि माझ्या प्रबंधात त्या विहिरीपुढे 'सर्वोत्तम पाणी' हा शेरा आजही तसाच छापलेला आहे.