वरचंच ना, ताई?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मोहिमेतल्या मैत्रिणींना नाही, ज्याच्याशी आता लग्न ठरतंय त्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही — ऐकताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला दिसणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

हिंगोलीत जे मला ओळखतात ते भांडखोर म्हणूनच ओळखतात. जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हा मी कॉलेज संपवून पोषणाच्या मोहिमेत शिरले. पत्रकं वाटायची, भिंती रंगवायच्या, गावोगाव आयांच्या बैठका घ्यायच्या. लेकरांसाठी डबाबंद पिठं विकणाऱ्या कंपन्यांवर माझा भयंकर राग — अजून आहे, तो मी मागं घेत नाही. ज्या घरात ज्वारी आहे, मूग आहे, दारात शेळी बांधलेली आहे, त्या घरातल्या बाईला 'तुझ्या अन्नात दम नाही' असं पटवायचं आणि आठवडी बाजाराचे पैसे डब्यासाठी काढून घ्यायचे — ही चोरी नाही तर काय? 'डबा नको, पुडा नको, घरचा घास सोडू नको' ही घोषणा माझी. ज्वारीच्या कण्या, मुगाची मऊ खिचडी, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ — थोडक्या पैशात लेकरू कसं धष्टपुष्ट होतं ते मी माइकशिवाय गावभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. कण्या शिजवता येत नव्हत्या मला. पत्रक पाठ होतं.

त्या पत्रकात एक वाक्य होतं — सहा महिने झाले की बाळाला वरचं अन्न सुरू करा. आईच्या दुधाच्या जोडीला जे द्यायचं ते वरचं. तुम्हाला कळलं ना? मलाही कळायचं. छापणाऱ्यालाही कळलं होतं. बैठकीत बोलताना 'अन्न' गळून पडायचं आणि उरायचं नुसतं — वरचं चालू करा, बायांनो, वरचं!

पुसेगावच्या पलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. मेंढरं-शेरडं राखणारी, थोडी कोरडवाहू जमीन असणारी घरं. तिथल्या बैठकीत एक म्हातारी अगदी पुढं बसली होती, पदर कमरेला खोचून. तिच्या मागं तिची सून — गंगासागर. माझ्याच वयाची. मांडीवर पहिलं लेकरू, सोनी, नुकतंच बसायला लागलेलं.

माझं भाषण रंगात आलं आणि म्हातारीनं मधेच विचारलं, "ताई, लगन झालं का तुमचं?"

"नाही."

"मंग हे समदं कोणाच्या लेकरावर शिकून राहिल्या?"

बाया अशा हसल्या की मागची पोरं रडायला लागली. मी कान लाल झालेले असताना म्हणाले, "आजी, डॉक्टरला आधी आजारी पडावं लागत नाही." आता हशा माझ्या बाजूचा. आणि गंगासागर — तिनं तोंडाला पदर लावला होता, पण डोळे हसत होते. सासूला कुणी उत्तर दिलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं असावं. त्या घडीला ती माझी झाली. हे मला कळलं होतं, आवडलंही होतं. आम्हा मोहिमेवाल्यांना अशी माणसं लागतात.

बैठक संपली. काळीपिवळी जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझा एक पाय आत. गंगासागर लेकरू काखेत घेऊन पळत आली.

"ताई, वरचंच ना? खालचं न्हाई ना द्यायचं?"

"व्हय व्हय, वरचंच. रोज द्यायचं, चुकवायचं नाही."

ती इतकी खूश झाली. म्हणाली, "ह्याच्यात खर्च बी न्हाई मंग."

गाडी सुटली. आता नीट ऐका, कारण मी इथंच आजवर सरकून जात आले आहे. 'खालचं' हा शब्द मला खटकला होता. खटकला होता! खालचं म्हणजे काय? आणि वरच्या अन्नाला खर्च नाही कसा? — असं माझ्या मनात आलं, गावाबाहेरच्या पुलापर्यंत राहिलं, आणि मग मी शेजारच्या बाईशी डबाबंद पिठावर बोलायला लागले. गाडी थांबवता आली असती. परत कधीतरी विचारता आलं असतं. नाही विचारलं.

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. त्या घरात तुरीची डाळ मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजते. शिजली की ठेवून देतात. घट्ट खाली बसतं, ते मेंढरांमागं रानात जाणाऱ्या गड्यांचं. मधलं बायांचं. आणि वर जे निवळ पिवळं पाणी तरंगतं ते — वरचं. आजाऱ्याचं, नाहीतर तान्ह्या लेकराचं. घट्टानं लेकराचं पोट धरतं, असं तिथं समजतात. गंगासागरनं कुठलाच चुकीचा अर्थ लावला नाही. तिच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

तिनं वरचं दिलं. मीठ घालून, फुंकर मारून, वाटी-वाटी. चुकवलं नाही.

सासूचं म्हणणं वेगळं होतं. म्हातारी शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून मऊ करायची आणि सोनीच्या तोंडाशी न्यायची. गंगासागरनं ती वाटी बाजूला सारली. आयुष्यात पहिल्यांदा सासूपुढं बोलली — ताईनं सांगितलंय, वरचंच द्यायचं. त्या घरात माझ्या नावावर भांडणं झाली. मी तेव्हा आखाडा बाळापूरच्या बाजारात पत्रकं वाटत होते, आणि इकडं एक बाई माझ्या शब्दासाठी घरात एकटी उभी होती.

काही महिन्यांनी त्याच गावात लेकरांची वजनं होती. आमच्या मोहिमेच्या मोठ्या ताई आल्या होत्या, बरोबर बाहेरचे पाहुणे. मी टापटिपीत, नवी ओढणी. काट्याच्या झोळीत सोनीला ठेवलं आणि मोठ्या ताई माझ्याकडं वळल्या. मला काट्याकडं बघायची गरज नव्हती — हात काड्यांसारखे झाले होते, लेकरू रडायचंसुद्धा आळसावून.

"काय देता हिला?" त्यांनी विचारलं.

गंगासागर हसली. हो, हसली. ती शाबासकीची वाट बघत होती. म्हणाली, "ताईनं सांगितल्यापरमाणं वरचंच देते. येक दिस चुकवलं न्हाई."

"वरचं म्हणजे?"

"डाळीचं वरचं पाणी."

मला त्या क्षणी सगळं आठवलं — काळीपिवळी, हॉर्न, 'खालचं'. सगळं. एका दमात. आणि मी म्हणाले, "असं मी कधीच सांगितलं नाही. मी अन्न म्हणाले होते. यांनी नीट ऐकलं नसेल."

गंगासागरचं हसू लगेच गेलं नाही. तिला वाटलं मी विसरले आहे. समजावल्यासारखं म्हणाली, "न्हाई का ताई, मी गाडीपशी इचारलं होतं तुमाला..."

मी म्हणाले, "कधी?"

एवढंच. हाच तो गुन्हा. भाषण नाही, मोठं खोटं नाही — एक शब्द, भुवया वर करून. पाहुण्यांसमोर. तुम्ही कुणाकडं कधी असं 'कधी?' म्हणून बघितलंय का? समोरचा माणूस स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लागतो. तिनंही घेतली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग जमिनीकडं.

सासू म्हणाली, "माझं ऐकलं न्हाई, ताईचं बी ऐकलं न्हाई. मंग ऐकलं कोणाचं गं तू?"

बाया हसल्या. हसणं माझ्या बाजूचं होतं. गंगासागर हळूच म्हणाली, "माझंच चुकलं आसंल." आणि लेकरू उचलून घेतलं. म्हातारीनं ते तिच्या हातातून काढून आपल्याकडं घेतलं. गंगासागरनं दिलं.

सोनी सावरली. सासूच्या दूध-भाकरीवर सावरली, उशिरा का होईना चालायला लागली. हे मी माझी सुटका व्हावी म्हणून सांगत नाही. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून सांगते.

पुढचं तर याहून वाईट आहे. पुढच्या बैठकीत मी हात वर करून सुचवलं — पत्रकातला 'वरचं' शब्द काढा, गावाकडं गैरसमज होतो, 'मऊ घट्ट घास' असं लिहा. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. हिला गावाची भाषा कळते, म्हणाले. मोठ्या ताईंनी पाठीवर थाप मारली. मी ती घेतली. म्हणजे मला माहीत होतं, बरोबर माहीत होतं चूक कुणाची ते — म्हणूनच तर सुचवलं ना? आणि भाषणात मी किस्सा सांगायला लागले. 'एका गावात एक आई होती, तिला सांगितलं एक, तिनं केलं भलतंच.' बाया हमखास हसायच्या. कंपन्या खरं लपवतात म्हणून ओरडायचं आणि त्याच दमात हा किस्सा सांगायचा. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. कसा नाही अडखळला? हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा मला स्वतःची भीती वाटते.

गेल्या वर्षी मी त्या गावाला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. मनाशी ठरवून गेले होते की म्हातारीसमोर खरं काय ते सांगायचं. गंगासागरला दुसरं लेकरू झालेलं, मुलगा. म्हातारी ओसरीवर त्याला मांडीवर घेऊन भरवत होती. मला बघून तिनं जागा करून दिली, माझी थट्टाही केली — "ताई, आता तरी लगन झालं का?" मी हसले.

गंगासागर आतून चहा घेऊन आली. तिला बघून लेकरानं घास थुंकला आणि हात पुढं केले. म्हातारी दमली होती, तिनं वाटी सुनेकडं सरकवली, म्हणाली, "घे, चार घास तू चार."

गंगासागर मागं सरकली, सासूला म्हणाली, "नगं मामी. मला कळत न्हाई त्यातलं."

राग नव्हता आवाजात. रुसवाही नव्हता. आपल्याला पोहता येत नाही असं एखादी बाई सांगते ना, तसं. तिनं ते खरंच मानलं होतं. जिनं माझा शब्द न शब्द पाळला होता, एक दिवस चुकवला नव्हता, ती बाई स्वतःच्या पोटच्या लेकराला घास भरवायला भीत होती.

म्हातारी समोर होती. गंगासागर समोर होती. हॉर्न वाजवणारी गाडी नव्हती, पाहुणे नव्हते. तिनं विचारलं होतं आणि मी 'व्हय' म्हणाले होते — एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणाले, "पोरगं छान आहे."

चहा प्याले. गंगासागरनं कप उचलला आणि जपून जा म्हणाली. मी चपला घातल्या आणि निघाले.