तुम्ही घोरता अन् घोर माह्या जिवाले

मी घोरत नाही, हे मी वीस वर्षं ठणकावून सांगत आलो. पोरीनं एकदा मोबाइलमध्ये टिपून ऐकवलं, तर मी म्हटलं, हा पिठाच्या चक्कीचा आवाज आहे. "तुम्ही घोरता अन् घोर माह्या जिवाले," बायको म्हणायची. मला वाटायचं, बाईला कोट्या करायची हौस आहे.

पवनीत माझं किराणा दुकान आहे. भर दुपारी डाळ तोलता तोलता माझी मान पडायची. गिऱ्हाइकं टर उडवायची, "भाऊ, दुकान चालू हाय, मंग तुम्ही काहून बंद?" मी चिडायचो. आठ-आठ तास झोपूनही सकाळी डोकं दगडासारखं जड, तोंडाला कोरड. वय झालं, असं म्हणायचो. पन्नाशी तरी गाठली होती का मी!

दर रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलनं वरठीला जायचो, तिच्या आईला भेटायला. आणि मागे बसून ही बाई एक मिनिट गप्प बसायची नाही. कोणाच्या धानाला तुडतुडा लागला, कोणाच्या लग्नात वरण खारट झालं, घरातल्या वांग्यांचं आता काय करायचं. वर मलाच प्रश्न. उत्तर दिलं नाही की पाठीत बोट. "अवो, ऐकून राहिले ना?" भंडारा येईपर्यंत माझं डोकं भणभणायचं.

मागच्या वर्षी धान लोंबीवर आलं होतं तेव्हाची गोष्ट. पहेला गाव ओलांडल्यावर मी खेकसलो, "चूप बस ना थोडी! तोंड दुखत नाही का तुह्यं?" ती चूप बसली. मला बरं वाटलं. त्यापुढचं काही आठवत नाही, एकदम चिखलच आठवतो. गाडी रस्ता सोडून खाली धानाच्या बांधीत घुसली होती आणि आम्ही दोघं चिखलात बसलो होतो. हाडं शाबूत राहिली, देव पावला. तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. आता ही मला सोलून काढते, असं मला वाटलं. तर ती बसल्या बसल्या एवढंच म्हणाली, "दोन मिनिटं बोलली नाही मी. अन् पाहा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मले का वांग्याचं बोलाची हौस हाय? तुमचा डोळा लागू नये म्हणून बोलत असतो मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी तिचा जीव घेतला असता, आणि वर तिच्याच तोंडाला नावं ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं, बसनं. त्यांनी विचारलं मला आणि सांगितलं सगळं तिनं. "लय जोरात घोरतात, मंग एकदम चूप. श्वासच नाही. मी हलवलं का मंग हबकून श्वास घेतात." रात्री ही मला ढोसते ते भांडणाचा राग काढायला, असं मी समजत होतो!

डॉक्टरांनी रात्री घरी लावायला एक यंत्र दिलं. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. त्याचा रिपोर्ट पाहून म्हणाले, "मोटारपंपाचा पातळ पाईप आतून चिपकला तर पाणी येते का?"

"नाही येत."

"तुमच्या गळ्याचं तेच होते. झोपेत गळा सैल पडते, वाट बंद होते, श्वास थांबते. मेंदू घाबरून उठवते. तुम्हाले आठवत नाही, पण रात्रभर हेच चालू राहते. याले स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात."

मग त्यांनी उपाय सांगितले. वजन उतरवा, उताणं झोपू नका, दारू असेल तर बंद. आजार थोडका असता तर दातांच्या डॉक्टरकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून चाललं असतं. कोणाच्या गळ्यातच अडथळा असला तर ऑपरेशन करतात. तुमचं जास्त आहे, झोपताना सीपॅप मशीन लावा. ती हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवते. आणि फरक पडेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

बायकोनं जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात पोरीचा रबरी चेंडू टाकला. उताणा झालो की टोचायचा. मशीनचा मास्क मात्र मी पहिले आठ दिवस काढून फेकत होतो. मळणीच्या बैलाला मुसकं बांधावं तसं वाटायचं. "मी बैल आहे का?" मी ओरडायचो. "बैल ऐकते तरी," ती म्हणायची. शेवटी दुसऱ्या मापाचा मास्क आणला, तो बसला. लाईट जाते म्हणून दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला. आणि एका सकाळी उठलो तर डोकं हलकं! विश्वासच बसेना. अंगणात उभं राहून मी उगाच हसलो. असं ताजं मी शेवटचं कधी उठलो होतो, ते काही आठवेना.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मशीनची नोंद तपासली आणि गाडी चालवायला परवानगी दिली. रविवारी निघालो. पहेला मागे पडलं आणि माझ्या ध्यानात आलं, मागून आवाजच नाही. "रागावली का?" मी विचारलं. उत्तर नाही. पाठीत बोटही नाही. मग पाठीवर तिच्या डोक्याचं ओझं जाणवलं.

मी हळूच गाडी बाजूला घेतली, कडुलिंबाखाली थांबवली आणि दोन्ही पाय टेकून तसाच बसून राहिलो. वीस वर्षं ही बाई रात्री माझा श्वास ऐकत जागली आणि दिवसा मला जागवत बोलली. तिची झोप मीच खाल्ली होती. माझे डोळे भरून आले, पण पुसायला हात उचलला असता तर ती जागी झाली असती.

पाऊण तासानं ती दचकून उठली. "काहून थांबले? झोप आली का तुम्हाले?"

"तू झोपली होती. घोरत होती."

"काहीतरीच! मी नाही घोरत," ती म्हणाली. मी गाडीला किक मारली.