हाताने पाहणारे पास्कल अंकल

पास्कल अंकल गाडी आधी हाताने पाहायचे. आखातात, रास अल खोरमधल्या जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपचं ऑफिस सांभाळायला मी लागले, त्या सकाळी साठीला टेकलेला हा वसईकर डोळे मिटून लांब पल्ल्याच्या एका इटालियन ग्रँड टूरर गाडीच्या बॉनेटवर तळहात फिरवत उभा होता. मला थबकलेली पाहून म्हणाला, "डोळे फसवतात, मुली. हात नाय फसवत."

जेवणाच्या सुट्टीत ते मला त्या गाडीची कूळकथा सांगत. तुरिनमध्ये तिचा आराखडा झाला, आणि कारागिरांनी लाकडी साच्यावर पत्रा ठोकून एकेक बॉडी घडवली. त्यामुळे एकीचं दार दुसरीला बसायचं नाही. थोड्याच बनल्या. पुढे पेट्रोल महागलं, गिऱ्हाईक आटलं, कारखाना विकला गेला आणि साचे जळणात गेले. "ज्या तेलाने हिला मारलं, त्याच तेलावर आपण जेवतो," म्हणत ते डबा बंद करायचे.

खाऱ्या हवेने खाल्लेला तिचा पत्रा ते कित्येक वर्षं नव्याने घडवत होते. तिकडे वसईत त्यांच्या बायकोला, फिलोमिना काकींना, विसरायला होऊ लागलं होतं. मुलगी फोन करून बोलवायची. गाडी एकदा रस्त्यावर आली की येतो, असं अंकल सांगत. गाडीच्या म्हाताऱ्या अमिराती मालकांना त्यांनी ती रस्त्यावर आणून द्यायचा शब्दच दिला होता.

बॉडी पूर्ण होत आली आणि मालक वारले. मुलांना जुनं इंजिन नको होतं. इलेक्ट्रिक मोटर हवी होती. बॅटरीसाठी गाडीचा तळ कापावा लागणार होता. मॅनेजरने ते काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "अंकल, तुम्ही आज घरी जा."

"दुसरा वाकडं कापेल," ते म्हणाले आणि कटर घेतला.

सगळी दुपार तो आवाज ऑफिसात येत होता. काम संपल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. "खलास," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात राजीनामा देऊन ते वसईला गेले.

नाताळात मी फोन केला. काकी कशा आहेत, विचारलं.

"बरी आहे," अंकल म्हणाले. "मला पाहुणा समजते. रोज चहा करून देते आणि विचारते, तुमचं घर कुठे?"