गाडीपुढे चालणारा दादा

आयुष्यभर एका जागी न बसलेला आमचा उत्तमदादा बसल्या जागी गेला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी तळवड्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये नुकतीच कामाला लागले होते. "मंदाताई, हे उठनात वो..." एवढंच ती म्हणाली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये माझी रिक्षा अडकली आणि मला रडू यायच्या ऐवजी नुसता राग येत होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. चपला घालायला तो ओसरीवर टेकला आणि तसाच राहिला. एक चप्पल पायात, एक हातात. समोर अंगणात त्याचा कुत्रा गाडीच्या दोन दांड्यांमध्ये जाऊन उभा होता, आता जुंपतील म्हणून.

हो, कुत्राच. आमच्याकडे पूर्वी शर्यतीचे बैल असायचे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटला की दादा घसा बसेपर्यंत ओरडायचा. मग जमीन कंपन्यांना गेली, बैल गेले, दादा कंपनीत प्रेस मशिनवर कामाला लागला. निवृत्त झाला आणि त्याने घरादाराला सळो की पळो करून सोडलं. गळके नळ दुरुस्त करून झाले तेव्हा चांगले नळही उघडून बसला. अशातच माणच्या सोसायटीतलं एक कुटुंब परदेशी निघालं आणि त्यांचा ग्रेट डेन जातीचा वासराएवढा कुत्रा, ब्रुनो, दादाच्या गळ्यात पडला. आल्या आल्या त्याने साखळी तोडली, शेजारणीच्या वाळवणात लोळण घेतली, दारं ओरबाडली. कुत्रा घालवा, म्हणून सगळी गल्ली दारात आली. दादा म्हणाला, "त्यो वाईट न्हाई. त्येला काम न्हाई. बिनकामाचं जनावर बिघडायचंच." आम्ही सगळे दादाकडेच बघत राहिलो.

मग त्याने सायकलची दोन चाकं घेऊन हलकी गाडी बांधली, घरच्या म्हशीचा चारा आणायला. आणि बैलवाल्याच्याच हातून होईल अशी चूक केली. छोटंसं जू घडवलं, खालून गोणपाट लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि ब्रुनोच्या मानेवर ठेवलं. ब्रुनो खोकला आणि मटकन खाली बसला. दादा चुचकारतोय, ओरडतोय, कुत्रा ढिम्म. शेवटी वहिनी भाकरी थापता थापता आतूनच म्हणाली, "आवो, बैलाला वशिंड आसतंय. ह्येला कुठं हाय?" दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

नंतर भंगारातल्या गाड्यांचे सीटबेल्ट आणून त्याने छातीवर बसेल असा रुंद पट्टा शिवला. बरेच दिवस नुसता पट्टा घालून फिरवलं. मग मागे जुना टायर बांधला, खरखर आवाजाला बिचकू नये म्हणून. मग रिकामी गाडी, आणि सगळ्यात शेवटी चारा. ऊन चढायच्या आत फेरी, तीही डांबर तापलं नाही ना, हे तळहाताने चाचपून. तरी गाडी काही सरळ जाईना. बैल हाकायचा मागून. ब्रुनो मात्र दर चार पावलांनी वळून दादाचं तोंड बघायचा आणि गाडी आडवी व्हायची. अखेर हाकायची सवय सोडून दादा पुढे चालू लागला, मागे न बघता. मला म्हणायचा, "मंदे, मागं बघितलं की त्येला वाटतं, आपलंच कायतरी चुकलं. चाकाचा आवाज ऐकायचा. आवाज हाय म्हंजी त्यो हाय." चांगले नळ उघडणाऱ्या या माणसाने डाव्या चाकाची करकर कधी काढली नाही. वहिनी वैतागायची, तो हसायचा.

दादा गेल्यावर ब्रुनो रोज सकाळी दांड्यांमध्ये उभा राहायचा, दुपारी भुंकायचा, खायचा कमी. गल्लीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. दादाचा मुलगा, माझा भाचा अमित म्हणाला, "आत्या, मी शिफ्ट करू, ओव्हरटाइम करू का याला बघू? आळंदीकडचा फार्महाऊसवाला रविवारी न्यायला येतोय." त्याचं चुकत नव्हतं. पण माझ्या घरी परतल्यावर मला बसवेना. हातातलं काम सुटायचं, चहा निवून जायचा. रविवारी मी पहाटेच गावी गेले.

पट्टा बांधला आणि गाडीमागे उभी राहून म्हटलं, "चल रे." ब्रुनो वळला. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे ओसरीकडे बघत राहिला. मी रागावले, ओरडले, मग तिथेच रडले... आणि पुढे जाऊन चालायला लागले. फाटक आलं, मागे काहीच नाही. रस्त्याला लागले तरी काहीच नाही. मान वळवायची इतकी इच्छा कधी झाली नव्हती. म्हटलं, दादा, तू रोज हे कसं रे करत होतास?

मग मागून चाक करकरलं.

डोळे गळत होते, तरी वळले नाही. दारातल्या अमितला तशीच ओरडून सांगितलं, "त्या माणसाला नको म्हण. कुत्रा कुठं जाणार न्हाई!"

आता मी गावीच राहते, शेडवर इथूनच जाते, पण आधी चाऱ्याची फेरी. परवा अमित तेलाची बाटली घेऊन गाडीजवळ बसला होता. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.