टाळ्या थांबवणारे गृहस्थ

दिल्लीत मंडी हाउसजवळच्या एका सभागृहात तरुण संगीतकारांच्या नव्या रचनांचा महोत्सव होता. हॉल अर्धा भरला होता आणि त्यातले निम्मे तरी संगीतकारांचे नातलग असावेत. माझ्या शेजारी बसलेले फरीदाबादचे मराठी गृहस्थ तर नक्कीच होते. स्टेजवर व्हायोलिनवाल्यांना हाताने इशारे देणारी मुलगी त्यांची. रचनाही तिचीच.

वाद्यं पहिल्यांदा थांबली तेव्हा मी टाळीसाठी हात उचलले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा साहेब, संपलं नाहीये. मागच्या वेळी लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. पोरगी आठवडाभर आमच्याशी बोलली नाही."

त्यानंतर ते स्टेजकडे पाठ करूनच बसले. वाद्यं थांबली की मागच्या रांगांना तळहात दाखवायचे. "अभी नहीं, भाईसाहब." हळूहळू लोक स्टेज सोडून त्यांच्याकडेच बघू लागले.

वाद्यं पुन्हा थांबली. मुलीने हात खाली घेतले. शांतता बरीच लांबली, पण कोणी टाळी वाजवेना.

"झालं का हो?" मी विचारलं.

"काय माहीत. घरी सराव इथवर आला, की हिची आई जेवायला हाक मारते."

त्यांनी वळून पाहिलं. मुलगी लोकांसमोर वाकून उभी होती. ते घाईने मागच्या रांगांकडे फिरले.

"अब बजाइए, भाईसाहब. बिल्कुल बजाइए."

टाळ्या भरपूर झाल्या. मुलीने मान वर करून वडिलांना शोधलं. तिला त्यांची पाठ दिसली, आणि हवेत हलणारे दोन्ही हात.