आधी अवकाश, मग वस्तू

कॅनडात हॅलिफॅक्सला आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक रिटायर्ड प्राध्यापक राहायचे. चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन विचारवंतांवर त्यांनी उभा जन्म घालवला. "आधी अवकाश, म्हणजे मोकळी जागा, मग वस्तू! अवकाश कुणालाच नाही म्हणत नाही, कळलं?" असं ते माझ्यावर खेकसायचे. घर मात्र त्याच विचारवंतांच्या पुस्तकांनी इतकं भरलेलं, की चहा मी उभ्यानेच प्यायचो.

सतरा सालच्या थंडीत कोल्हापूरहून शिकायला आलेल्या एका मुलीला कुठेच खोली मिळेना. प्राध्यापक काकांनी एका दुपारी तिच्यासाठी स्टडी रिकामी केली, सगळी पुस्तकं गॅरेजमध्ये रचली आणि गाडी बाहेर बर्फात काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीभोवतीचा बर्फ फावड्याने उपसत होते. मी लांबूनच विचारलं, "काका, मदत करू का?"

ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "ओरडू नकोस. पोरगी रात्रपाळी करून झोपलीय."